पावसाळी घाट आणि मोटारीची काच

भोर आणि वेल्हें हा पुणें जिल्ह्यांतील सह्याद्रीच्या कुशींतला मुलूख. आषाढ लागला कीं राजगड-तोरणा धुक्यांत बुडून जातात आणि भोरहून महाडकडे उतरणारा वरंध घाट पावसाच्या पडद्याआड दिसेनासा होतो. दरडींच्या भयानें तो पुष्कळदां वाहतुकीस बंदही ठेवावा लागतो. अशा मुलखांत मोटार हांकणाऱ्याची दृष्टि कितीही तीक्ष्ण असो, वायपरची रबरी पट्टी जेवढें पुसून देईल तेवढेंच त्यास दिसतें. ही क्षुल्लक पट्टी प्रवाशांच्या जिवाची जामीन आहे, हें मात्र क्वचितच कोणाच्या ध्यानीं येतें.

अमेरिकेंतील मेरी अँडरसन या बाईंनीं 1903 सालीं अशा साधनाचें पेटंट घेतलें. त्यांत चालक आंतून हातानें दांडा फिरवी. पुढें कित्येक मोटारींत वायपर एंजिनाच्या शोषणानें चालूं लागला. पण चढावर एंजिनास जोर पडला कीं नेमका तेव्हांच तो मंदावे. विजेनें हा दोष गेला. रबराचा स्वभाव तेवढा पालटला नाहीं.

पट्टीची पातळ कड प्रत्येक फेऱ्यागणिक उलट बाजूस कलते, म्हणूनच पाणी सफाईनें निपटलें जातें. उन्हानें व हवेंतील ओझोननें रबर ताठरलें कीं कड कलत नाहीं. मग पट्टी थडथडते आणि काचेवर रेघा ठेवते. तशांत उन्हाळाभर साठलेली धूळ कोरडीच घासली गेली, तर काचेवर बारीक ओरखडे उठतात. दिवसा ते जाणवत नाहींत. रात्रीं समोरील दिव्यांचा प्रकाश त्यांवर फांकतो आणि वळण दिसत नाहीं.

यास्तव मृग निघण्यापूर्वींच पट्टी तपासावी. कड चिरली वा ताठरली असल्यास ती बदलावी. बदलतांना काचेवर जाड फडकें अंथरावें. स्प्रिंगचा दांडा निसटून आपटल्यास काच तडकते. पट्टी ओल्या फडक्यानें पुसावी. रॉकेल वा पेट्रोल लावूं नये, त्यानें रबर फुगतें. कोरड्या काचेवर वायपर चालवूं नये. आधीं टांकींतील पाण्याचा फवारा उडवावा. नवी पट्टीही काच माखूं लागली, तर दोष काचेवरील तेलकट थराचा समजावा आणि काच नीट धुवावी. आंतून धरलेल्या वाफेवर मात्र वायपरचा इलाज नाहीं. तेथें वातानुकूलनाची कोरडी हवा काचेवर सोडावी.

इतकें करूनही वायपर हार खाईल असा पाऊस या घाटांत कोसळतो. तेव्हां दरडीपासून दूर, रस्त्याबाहेरच्या रुंद जागीं गाडी उभी करावी व इशाऱ्याचे दिवे लावावे. घटकाभर उशीर झाला तरी चालेल. न दिसणाऱ्या वाटेवर चाक घालूं नये.