जुन्या कॅसेटींचे गाळप



आपल्या गावांतून नोकरीसाठी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, कल्याणला किंवा डोंबिवलीच्या एम.आय.डी.सी.त गेलेली पोरे पंचवीसएक वर्षांपूर्वी दिवाळीला घरी यायची, ती गळ्यात छोटा व्हिडिओ कॅमेरा अडकवूनच. लग्न, बारसे, जत्रा, मोळीपूजन असे सगळे त्यात भरले गेले. कॅमेरे केव्हाच बंद पडले; कॅसेटी मात्र कपाटात तशाच राहिल्या. त्यांच्याविषयी आज चार अनुभवाच्या गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली गोष्ट आमच्याच चुकीची. थोरल्या बंधूंच्या लग्नाची व्ही.एच.एस. कॅसेट होती. २००४ साली तिची व्हीसीडी करून घेतली आणि आता काम झाले म्हणून मूळ कॅसेटवर पोरांनी क्रिकेटची मॅच भरली. व्हीसीडीचे चित्र अवघ्या ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे. आजच्या मोठ्या टी.व्ही.वर ते लावले, तर आईच्या लुगड्याचा काठ ओळखू येतो, चेहरा येत नाही. मूळ कॅसेट असती तर आज पुन्हा चांगली प्रत काढता आली असती. आता इलाज नाही.

म्हणून गेल्या दिवाळीत उरलेल्या तीन कॅसेटी पिशवीत घालून डोंबिवलीला धाकट्या भावाकडे गेलो. या मिनी-डीव्ही जातीच्या, म्हणजे काड्यापेटीहून थोड्या मोठ्या. ही जात १९९५ साली निघाली. हिच्यात चित्र आकड्यांच्या रूपात असते, त्यामुळे फायरवायर नावाच्या वायरीने ते जसेच्या तसे संगणकात उतरते. नव्या लॅपटॉपला ते भोक बहुधा नसते. भावाने जुन्या डेस्कटॉपला वेगळे कार्ड बसवले आणि चालू स्थितीतला कॅमेरा ओळखीच्याकडून दोन दिवसांसाठी आणला. व्ही.एच.एस. असेल तर चालू व्ही.सी.आर. आणि संगणकाला जोडायचे कॅप्चर यंत्र लागते. हे व्ही.सी.आर. आता जुने तेवढेच. जपानच्या फुनाई कंपनीनेही जुलै २०१६ मध्ये ते बनवणे थांबवले. कॅसेट शाबूत आणि यंत्र नाही, ही वेळ दारात आली आहे.

एका कॅसेटच्या फितीवर पांढरे ठिपके दिसले. ती बुरशी. खाडीकाठच्या दमट हवेत ती लवकर धरते, पण आपल्याकडेही पावसाळ्यात कपाट कोरडे कुठे असते? अशी कॅसेट तशीच लावू नये; यंत्राचे हेड खराब होते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटीलाही लागण होते. ती जाणकाराकडून साफ करून घ्यायला बाजूला ठेवली.

उरलेल्या दोन उतरवल्या. इथे घाई चालत नाही. तासाच्या कॅसेटीला तासच लागतो. लावण्यापूर्वी कॅसेटीवरची छोटी खिटी सरकवून ठेवावी, म्हणजे चुकून वर दुसरे काही भरले जात नाही. एका तासाची फाईल सुमारे १३ जीबी झाली. ती पेन ड्राइव्हवर जाईना. पेन ड्राइव्ह एफ.ए.टी.-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असला, तर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल घेत नाही. जागा रिकामी असूनही का घेत नाही म्हणून आम्ही तासभर डोके खाजवले!

आता फाईल लहान करण्याविषयी. कॅसेटीवरचे प्रत्येक चित्र स्वतंत्र साठवलेले असते, सेकंदाला पंचवीस. मांडव तोच, भिंत तीच, फक्त हात हलला, तरी संपूर्ण चित्र पुन्हा. २००३ साली आलेली एच.२६४ पद्धत एक चित्र पूर्ण ठेवते आणि पुढे बदल तेवढा लिहिते. त्यामुळे १३ जीबीचे दीड-दोन जीबी होतात. हँडब्रेक नावाच्या मोफत प्रोग्रॅमने हे जमते. त्यात दर्जाचा आकडा २० च्या आसपास ठेवावा. आकडा लहान, तर चित्र चांगले आणि फाईल मोठी. हलत्या माणसाच्या कडांना कंगव्याचे दात दिसले, तर ‘डीइंटरलेस’ चालू करावे. जुना कॅमेरा एका चित्राच्या ओळी एकाआड एक अशा दोन खेपांत टिपतो, त्याचा हा परिणाम.

मात्र एक ध्यानात ठेवा. उसाची साखर होते, साखरेचा ऊस होत नाही. लहान केलेल्या फाईलीतून गेलेला बारकावा परत येत नाही. म्हणून १३ जीबीची मूळ फाईल दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावी, एक गावी आणि एक मुलाकडे. दोन्ही एकाच घरात नकोत. २६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास नदीचे पाणी कल्याण-बदलापूर भागात घराघरांत शिरले होते, ते आठवा. लहान फाईल पाहुण्यांना वाटायला. आणि मूळ कॅसेटही टाकू नये.

आमच्या दुसऱ्या कॅसेटीत २००२ सालचे मोळीपूजन निघाले. आबांना जाऊन नऊ वर्षे झाली. फेटा बांधून गव्हाणीपाशी उभे आहेत आणि भावाला म्हणतात, “आरं, माझ्याकडं काय धरतुस? मोळीकडं धर की!” त्यांचा आवाज घरात दुसरीकडे कुठेच नव्हता. वहिनींनी ते तीनदा लावायला सांगितले.

तेव्हा मंडळी, हंगाम सुरू झाला की तोडणी-वाहतुकीपुढे कुणालाच सवड नसते. त्याआधी एकदा कपाट उघडा. कॅसेटी मोजा, त्या उभ्या ठेवा, प्रत्येकीवर साल आणि प्रसंग लिहा. त्यातली माणसे ओळखणारी वडीलधारी मंडळी घरात आहेत, तोवर नावेही विचारून घ्या. तेवढे काम संगणक करीत नाही.