एकाच वेतातली पिल्लं

७ सप्टेंबर २०२५. आदल्या रात्री अनंत चतुर्दशीच्या झांक्यांसाठी इंदूर जागलं होतं आणि या रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं. रामबाग काय, लोकमान्यनगर काय, ज्या मराठी घरात सून पोटुशी होती तिथे संध्याकाळपासूनच सूचना सुरू झाल्या असणार. विळीला हात लावू नकोस, सुईत दोरा ओवू नकोस, स्वस्थ बसून राहा. काही चिरलंस तर बाळाचा ओठ फाटेल.

सांगणाऱ्या सासवा-आज्यांच्या मनात मायाच असते. पण जगभरात साधारण सातशे जन्मांमागे एक मूल दुभंगलेला ओठ किंवा टाळू घेऊन येतं. असं मूल घरात आलं की ‘ग्रहणात काय केलंस?’ हा प्रश्न आईलाच विचारला जातो. तिला काही आठवत नसलं तरी ती आठवून आठवून काढते. कोथिंबिरीची एखादी जुडी, ब्लाऊजचा निघालेला हुक. तो अपराध ती मग वर्षानुवर्षं वागवते. तिला द्यायचं उत्तर आज विज्ञानाकडे आहे आणि त्याचा मोठा भाग प्रयोगशाळेतल्या उंदरांनी दिलेला आहे.

चेहरा सलग घडत नाही. मेंदू आकाराला येत असतो तेव्हा त्याच्या कडेच्या काही पेशी सुटून पुढे सरकतात. त्यांचे नाकाच्या आणि गालाच्या बाजूंनी उंचवटे होतात. हे उंचवटे एकमेकांना भिडून सांधले गेले की वरचा ओठ तयार होतो. गर्भ राहिल्यापासून मोजलं तर माणसात हे काम सातव्या आठवड्याच्या सुमारास उरकतं. टाळू बाराव्या आठवड्यापर्यंत मिटते. ओठ जुळत असतो तेव्हा पाळी चुकून जेमतेम महिना झालेला असतो, आणि सातव्या महिन्यातल्या ग्रहणापर्यंत तर सगळं कधीच सांधून गेलेलं असतं.

माणसाच्या पोटातलं हे काम टप्प्याटप्प्याने उघडून बघता येत नाही. उंदराचं बघता येतं. त्याचा गर्भकाळ सुमारे वीस दिवसांचा आणि चेहऱ्याची घडण आपल्यासारखीच. अकराव्या दिवशी तांदळाच्या दाण्याएवढ्या गर्भात ओठाचे उंचवटे भिडताना दिसतात. चौदाव्या दिवशी टाळूची पाळी येते. तिचे दोन पडदे आधी जिभेच्या दोन्ही अंगांना उभे लोंबत असतात. जबडा वाढतो, जीभ खाली बसते, पडदे वर उचलले जाऊन आडवे होतात आणि मधोमध एकमेकांना टेकतात. मधली शिवण विरघळून जाते. जीभ वेळेवर खाली बसली नाही किंवा पडदे उशिरा उचलले गेले, की मध्ये फट राहते.

असं पिल्लू जन्मलं की संशोधक आधी त्याचं पोट बघतात. नवजात पिल्लाची कातडी इतकी पातळ असते की प्यायलेलं दूध पोटात पांढऱ्या ठिपक्यासारखं बाहेरून दिसतं. टाळू दुभंगलेल्या पिल्लाला चोखता येत नाही. त्याच्या पोटात दुधाऐवजी हवा भरते आणि दिवसभरात ते मरतं. माणसाचं बाळ वाचतं, कारण त्याला उभं धरून वाटी-चमच्याने पाजणारं कुणीतरी असतं.

कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातले क्लार्क फ्रेझर यांनी १९५१च्या सुमारास गाभण उंदरिणींना कॉर्टिसोन टोचलं. ‘ए’ वंशाच्या पांढऱ्या उंदरांची जवळपास सगळी पिल्लं दुभंगलेल्या टाळूची निघाली. काळ्या ‘सी-५७’ वंशात मात्र पाचांतल्या एकाच्या आसपास. औषध तेच असूनही एवढा फरक पडला, कारण पांढऱ्या वंशात टाळूचे पडदे मुळातच उशिरा उचलले जातात. त्यात औषधाने आणखी उशीर केला आणि वेळ टळली. बाहेरचं कारण आणि अंगची जनुकं एकमेकांवर कशी भर घालतात, ते इथे पहिल्यांदा इतकं स्वच्छ दिसलं.

त्याच पांढऱ्या उंदरांच्या एका पोटवंशात तर औषधाचीही गरज लागत नाही. चार-पाच पिल्लांमागे एकाचा ओठ आपोआप दुभंगतो. व्हँकुव्हरच्या डायना जुरिलॉफ आणि म्युरिएल हॅरिस यांनी त्याचा माग काढला, तेव्हा ‘डब्ल्यूएनटी-९बी’ नावाच्या जनुकाशेजारी घुसलेला डीएनएचा एक उपरा तुकडा सापडला. हा तुकडा काही पिल्लांत गप्प राहतो, काहींत जनुकाच्या कामात ढवळाढवळ करतो. इथे मला थांबावंसं वाटतं. एक आई, एक वेत, पिंजरा आणि दाणापाणी तेच, जनुकंसुद्धा जवळजवळ एकसारखी. तरी एकाचा ओठ फाटतो आणि शेजारच्याचा जुळतो. ग्रहणाचा प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाने हे ऐकायला हवं. आणि ग्रहण सोडून आता ‘तुझ्या माहेरचा दोष’ म्हणू पाहणाऱ्यांनीही ऐकायला हवं. जनुकं दोन्ही घरांकडून येतात, बहुतेक मुलांमध्ये ती अनेक मिळून थोडाथोडा वाटा उचलतात, आणि उरलेलं योगायोगावर असतं.

हवं ते जनुक बंद करून उंदीर घडवण्याची रीत आल्यावर हा अभ्यास झपाट्याने पुढे गेला. त्या शोधाला २००७चं नोबेल मिळालं. पुण्याच्या आयसरमध्येही आज असे उंदीर तयार होतात. अमेरिकेत कॅन्सस सिटीतल्या पॉल ट्रेनर यांच्या गटाने २००८ मध्ये ट्रीचर कॉलिन्स या व्यंगावर काम केलं. यात गालाची हाडं आणि जबडा अपुरा वाढतो. चेहरा घडवणाऱ्या पेशी वाटेला लागण्याआधीच मरतात, हे उंदरात दिसलं. त्यांना मरायला लावणारं ‘पी-५३’ नावाचं प्रथिन रोखलं, तर पिल्लं धड चेहऱ्याने जन्मली. हा उपचार म्हणून माणसावर आणता येत नाही, कारण हेच प्रथिन आपल्याला कर्करोगापासून राखतं. पण व्यंग का होतं ते कळलं, आणि ते थोपवता येऊ शकतं हेही कळलं.

उंदीर सगळं सांगत नाही. ‘आयआरएफ-६’ या जनुकाची एक प्रत बिघडली तर माणसात ओठ किंवा टाळू दुभंगू शकते. उंदीर एका बिघडलेल्या प्रतीने जवळपास ठीक राहतो. दोन्ही बिघडल्या तर पिल्लू ताणलेल्या, चकाकत्या कातडीचं निघतं आणि जगत नाही. तरी त्याच पिल्लांवरून कळलं, की हे जनुक कातडीच्या वरच्या थराला परिपक्व करतं. थर कच्चा राहिला तर भलत्या जागा एकमेकींना चिकटतात आणि जिथे जुळायचं तिथे जुळत नाहीत.

माणसाच्या बाळाचा दुभंगलेला ओठ साधारण तीन ते सहा महिन्यांत शिवतात, टाळू वर्षाच्या आगेमागे. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हे व्यंग आहे आणि त्याखाली शस्त्रक्रिया मोफत होते. अंगणवाडीत किंवा सरकारी दवाखान्यात नाव घालावं. पुढचं मूल हवं असेल तर गर्भ राहण्याआधीपासूनच फॉलिक ॲसिड सुरू करावं, आणि फिट्सच्या गोळ्या चालू असतील तर त्या आपल्या मनाने बंद न करता आधी डॉक्टरांना विचारावं. एक मूल असं झालं असेल, तर पुढच्याला धोका साधारण शंभरात तीन ते पाच एवढाच असतो. पण आई किंवा वडिलांच्या खालच्या ओठावर दोन बारीक खळगे असतील, तर तो बराच वाढतो, कारण ती ‘आयआरएफ-६’ बिघडल्याची खूण असू शकते आणि बिघडलेली प्रत मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून सल्ल्याला आईने एकटीने जाऊ नये. वडिलांनीही सोबत जावं आणि आपलाही ओठ डॉक्टरांना दाखवावा.