परकीय भांडवल आले, पण ते काय करते?

परकीय भांडवलाचा विषय निघाला की बाजारात दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, परदेशी कंपन्या आल्या, आता लहान दुकानदार संपला. दुसरा म्हणतो, पैसा आला म्हणजे बरकत आली. आम्हाला दोन्ही सूर अर्धवट वाटतात. पैसा कोणत्या मुलखातून आला यापेक्षा तो इथे येऊन काय करतो, हे व्यापाऱ्याने पाहिले पाहिजे. तो नवा कारखाना घालतो, चालता धंदा विकत घेतो, किंवा तोटा सोसून गिऱ्हाईक ओढतो. या तिन्हींचा बाजारातील स्पर्धेवर होणारा परिणाम वेगवेगळा आहे.

पहिल्या प्रकाराचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. एके काळी सूटकेस म्हणजे व्हीआयपी, असेच समीकरण होते. या देशी कंपनीचे कारखाने सातपूर आणि सिन्नरला. नव्वदच्या दशकात अमेरिकेची सॅमसोनाइट भारतात आली आणि इगतपुरी तालुक्यातील गोंदे येथे तिचा कारखाना उभा राहिला. आधी तिचा महाग माल आला, मग ‘अमेरिकन टुरिस्टर’ हे त्याहून स्वस्त नाव. व्हीआयपीलाही निरनिराळ्या किमतींचा माल वेगवेगळ्या नावांनी बाजारात आणावा लागला. म्हणजे विकणारे वाढले, गिऱ्हाइकाला निवड मिळाली आणि जिल्ह्यात काम आले. मात्र बॅगेला चाक, कुलूप, मूठ, अस्तर आणि चेनही लागते. हे सुटे भाग इथल्या लहान कारखानदाराकडून घेतले तर फायदा खाली झिरपतो. बाहेरून मागवले तर तो कारखान्याच्या फाटकातच थांबतो.

दुसऱ्या प्रकाराची गोष्ट थंड पेयांची. १९७७ मध्ये कोका-कोला देश सोडून गेली आणि पार्लेच्या थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट या पेयांना मैदान मिळाले. १९९३ मध्ये कोका-कोला परत आली, तेव्हा तिने याच पेयांची नावे विकत घेतली. थम्स अप टिकले, गोल्ड स्पॉट बाजारातून गेले. पेप्सी आधीच आली होती. मोठी लढत मग दोन परदेशी कंपन्यांमध्ये उरली. इथे भांडवल आले, पण स्पर्धक वाढला नाही; होता तो कमी झाला. पुढे २०२३ मध्ये रिलायन्सने जुने कॅम्पा हे नाव पुन्हा बाजारात आणले आणि दहा रुपयांच्या बाटलीने भाव हलवले. पण त्यासाठीही रिलायन्सएवढीच ताकद लागली. लहान माणूस त्या मैदानात उतरू शकला नाही.

तिसरा प्रकार आपल्या कापडधंद्याच्या सर्वांत जवळचा आहे. २०१८ मध्ये अमेरिकेच्या वॉलमार्टने फ्लिपकार्टचा ७७ टक्के हिस्सा सोळाशे कोटी डॉलरना घेतला. ऑनलाइन विक्रीत अशी मोठी रक्कम ओतली गेली की भरघोस सूट देऊन वर्षानुवर्षे तोटा सोसता येतो. आपल्या दुकानदाराला सूट द्यायची तर ती स्वतःच्या नफ्यातून द्यावी लागते. त्याला जागेचे भाडे आहे, नोकरांचा पगार आहे, उधारीत अडकलेली रक्कम आहे. त्याने घाऊक भावात घेतलेलाच माल पडद्यावर त्याहून स्वस्त दिसला तर तो काय करणार? ही स्पर्धा मालाची नाही, तिजोरीची आहे.

याचा हिसाब मालेगावच्या मागावरही पोहोचतो. आज घेणारे व्यापारी अनेक आहेत. एकाशी भाव पटला नाही तर कारागीर दुसऱ्याकडे जातो. लहान व्यापारी एकेक करून गळाले आणि घेणारे दोन-चारच उरले, तर भाव तेच ठरवतील. आज सुटीत गेलेला पैसा उद्या गिऱ्हाइकाकडून किंवा विणकराच्या मजुरीतून वसूल होऊ शकतो. म्हणून दुकानदार आणि कारागीर यांचे हित इथे एकच आहे.

कायदा अगदीच गप्प नाही. २०१२ मध्ये अनेक कंपन्यांचा माल विकणाऱ्या मोठ्या दुकानांत ५१ टक्के परकीय भांडवलाला परवानगी मिळाली, तेव्हा दहा लाखांवर वस्तीची शहरे आणि ३० टक्के खरेदी लहान उद्योगांकडून, अशा अटी होत्या. २०११ च्या जनगणनेत १४ लाख ८६ हजार वस्ती असलेले नाशिक त्या यादीत बसत होते. ऑनलाइन व्यवहारात परकीय भांडवलाच्या कंपनीने फक्त बाजार मांडून द्यावा, स्वतः विक्रेता होऊ नये, असा नियम आहे. फेब्रुवारी २०१९ पासून तो आणखी कडक झाला. जानेवारी २०२० मध्ये स्पर्धा आयोगाने अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्टच्या चौकशीचा आदेश दिला, तो दिल्ली व्यापार महासंघाच्या तक्रारीवरून. एकट्या दुकानदाराला असे प्रकरण चालवणे झेपत नाही, संघटनेला झेपते.

आपल्या बांधवांना आमचे सांगणे एवढेच. उद्यम नोंदणी करून घ्या, कारण २००६ च्या कायद्यानुसार लहान उत्पादकाचे पैसे कराराने ठरवले तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळायला हवेत. मोठ्या कंपनीचे काम घेताना ऑर्डर कागदावर घ्या आणि सगळा माल एकाच घेणाऱ्याच्या भरवशावर विणू नका. दुकानदारांनी खरेदीची बिले जपावीत. खरेदीपेक्षा कमी भावाची विक्री दाखवायची तर पुरावा तोच. आणि व्यापारी संघटनेच्या बैठकीला जाण्यासाठी महिन्यातून एक संध्याकाळ दुकान लवकर बंद करावे लागले, तर तेवढे नुकसान सोसावे.