दरबारी पट्टी : जखमेवर आणि गालावर

बोट किंचित कापले की आपण घरातील औषधांच्या डब्यातून चिकटपट्टी काढतो, लावतो आणि विसरून जातो. या पट्टीची एक पूर्वज इंग्लंडमध्ये ‘कोर्ट प्लास्टर’ या नावाने प्रसिद्ध होती. येथे ‘कोर्ट’ म्हणजे न्यायालय नव्हे, तर राजदरबार.

सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंड व फ्रान्समधील दरबारी स्त्रिया, आणि काही पुरुषही, काळ्या रेशमाच्या चंद्रकोरी, चांदण्या व ठिपके कापून चेहऱ्यावर चिकटवीत. गोऱ्या कांतीला उठाव यावा हा एक हेतू. देवीचे व्रण झाकावेत हा दुसरा. सॅम्युएल पेपिसच्या १६६० सालच्या रोजनिशीत पत्नीने अशा काळ्या टिकल्या लावल्याची नोंद आहे. पुढे १७११ मध्ये जोसेफ ॲडिसनने ‘स्पेक्टेटर’मध्ये थट्टा केली, की व्हिग व टोरी पक्षांच्या स्त्रिया टिकलीची बाजू पाहून ओळखाव्यात!

हेच कापड किरकोळ जखमांवरही लावले जाई. ताणलेल्या रेशमावर ‘आयझिंग्लास’ नावाच्या खळीचे पातळ थर एकावर एक देऊन ते वाळवीत. वापरताना हवा तेवढा तुकडा कापायचा, ओला करायचा आणि दाबून बसवायचा. मात्र मध्ये कापडाची घडी नसे. खळ थेट जखमेवर येई. ही उणीव १९२० मध्ये अमेरिकेत अर्ल डिक्सन यांनी दूर केली. स्वयंपाक करताना पत्नीची बोटे वारंवार कापत, म्हणून त्यांनी चिकटपट्टीच्या मध्यभागी जाळीदार कापडाची घडी ठेवली. तीच पुढे ‘बँड-एड’ झाली.

आयझिंग्लास तयार होई माशांच्या, विशेषतः स्टर्जनच्या, पोटातील हवेच्या पिशवीपासून. रेशीम किड्याचे, खळ माशाची. टिकलीएवढ्या शोभेमागेही जीवहिंसा होती. अहिंसेचा विचार करणाऱ्या कुटुंबाने औषधांच्या डब्यातील वस्तू कशापासून बनली आहे, हे आजही वाचून पाहावे.

पट्टी जखम झाकते; भरून काढण्याचे काम शरीरच करते. म्हणून जखम आधी स्वच्छ पाण्याने धुवावी, मगच पट्टी लावावी. जखम खोल असेल, तर पट्टीवर न विसंबता डॉक्टरांकडे जावे. देवीचे व्रणही टिकल्यांनी केवळ झाकले गेले. १७९६ मध्ये एडवर्ड जेन्नर यांनी देवीच्या लशीचा प्रयोग केला आणि १९८० मध्ये जग देवीमुक्त घोषित झाले, तेव्हाच ते व्रण झाकण्याची गरज संपली.