तीनरंगी मांजर भाटीच का असते?

सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा मासळी बाजारात काळा, केशरी आणि पांढरा असे तिन्ही रंग अंगावर असलेलं मांजर दिसलं, तर खुशाल पैज लावा, ती भाटीच आहे. असा बोका निघण्याची शक्यता साधारण ३ हजारांत एक. जीवशास्त्रात इतक्या खात्रीने पैज लावता येईल अशा जागा थोड्याच.

कारण गुणसूत्रांत आहे. भाटीकडे दोन एक्स गुणसूत्रं असतात, बोक्याकडे एक एक्स आणि एक वाय. केशरी रंगाचा निर्णय एक्सवर होतो. बोक्याचा एक्स एकच, म्हणून तो एकतर केशरी नाहीतर काळा. (करड्या पट्टेरी मांजरांनाही इथे काळ्यांतच धरू.) भाटीच्या मात्र एका एक्सवर केशरी आणि दुसऱ्यावर काळा असं जमू शकतं. पांढऱ्याचा या भानगडीशी संबंध नाही. त्याचं जनुक वेगळ्याच गुणसूत्रावर असतं, त्यामुळे पांढरे चट्टे दोघांनाही येतात. आणि तो ३ हजारांतला एक बोका? त्याच्याकडे बहुतेक वेळा दोन एक्स आणि एक वाय अशी तीन गुणसूत्रं असतात, आणि तो जवळजवळ नेहमीच वंध्य असतो.

इथवर हिशेब सरळ आहे. पण दोन्ही रंग जवळ असताना भाटी सरसकट तपकिरी का होत नाही? ठिगळं का पडतात?

१९४९ साली कॅनडात मरे बार आणि इवार्ट बर्ट्रम मांजरांच्या चेतापेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. भाटीच्या पेशीकेंद्रात एक गडद ठिपका दिसे, बोक्याच्या पेशीत तो नसे. १९६१ साली ब्रिटनच्या मेरी लायन यांनी उंदरांच्या रंगांवरून एक धाडसी कल्पना मांडली: मादीचा गर्भ अगदी लहान असतानाच त्यातली प्रत्येक पेशी आपल्या दोन एक्सपैकी एक मिटवून टाकते. बार यांना दिसलेला ठिपका म्हणजे तोच मिटलेला, आवळून बसलेला एक्स. कुठला मिटवायचा याला नियम नाही, निव्वळ छापा-काटा. पण एकदा निकाल लागला की त्या पेशीच्या सगळ्या लेकी-नाती तो पाळतात. भाटीच्या पाठीवरचा केशरी ठिपका म्हणजे काळ्याचा एक्स मिटवणाऱ्या एखाद्या आद्य पेशीची प्रजा. शेजारच्या काळ्या ठिपक्यात नेमका उलटा निकाल लागलेला.

टेक्सासच्या ए अँड एम विद्यापीठात २२ डिसेंबर २००१ रोजी जगातलं पहिलं क्लोन मांजर जन्मलं, तेव्हा याचा नामी पुरावा मिळाला. मूळ भाटी रेनबो तीनरंगी होती. तिच्या एकाच पेशीपासून घडवलेल्या ‘सीसी’च्या अंगावर केशरीचा मागमूसही नव्हता. त्या पेशीत केशरीचा एक्स आधीच मिटलेला होता, आणि तो पुन्हा उघडलाच नाही. जनुकं तीच, मांजर मात्र दिसायला वेगळं. लाडक्या मांजराची हुबेहूब नक्कल हवी म्हणून पैसे मोजायला निघालेल्यांनी सीसीचा फोटो जरूर पाहावा.

केशरीचं नेमकं जनुक मात्र बरंच उशिरा सापडलं. २०२५ साली जपान आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी दाखवून दिलं की केशरी मांजरांच्या एक्सवरचा सुमारे ५ हजार अक्षरांचा एक तुकडा गळालेला असतो. काहीतरी नसल्यामुळे आलेला हा रंग आहे.

एक्सचा हा खेळ मांजरांपुरताच नाही. डार्विनने १८७५ च्या एका ग्रंथात सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाची हकिगत दिली आहे. चार पिढ्यांत दहा पुरुषांना मोजकेच दात, अंगावर केस विरळ, उन्हाळ्यात कातडी कोरडी पडून हाल. मुलींना त्रास नाही, पण त्यांच्या मुलांत तो उतरे. बापाकडून मुलाकडे कधीच नाही. बाप मुलाला एक्स देतच नाही, वाय देतो, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. आज अशा विकाराची वाहक असलेल्या स्त्रीच्या पाठीला आयोडीन लावून वर स्टार्चची पूड भुरभुरली, तर घाम येणारे पट्टे निळेकाळे होतात आणि मधले कोरडे राहतात. तिची त्वचाही तीनरंगी भाटीसारखीच ठिगळांची असते, फक्त एरवी दिसत नाही.

आता भाकिताकडे. मुलग्याचा एक्स आईचा, मुलीला दोघांकडून एकेक. एवढं लक्षात ठेवलं की पुरे. केशरी बोका आणि काळी भाटी यांची सगळी मुलं काळी, सगळ्या मुली काळ्या-केशरी. जोडी उलटी केली, तर मुलं केशरी आणि मुली पुन्हा दुरंगीच. समजा, एखाद्या वस्तीत १०० बोक्यांत २० केशरी आहेत. तर निव्वळ केशरी भाट्या १०० त साधारण ४ च निघतील, कारण त्यांना तो एक्स दोनदा मिळावा लागतो. माणसांत रंगांधळेपणाचं गणित हेच: उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के, स्त्रियांत अर्ध्या टक्क्याच्या आसपास.

ठिगळ कुठे पडेल हे मात्र कुणीच सांगू शकत नाही. शिवाय एका वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात, हेही हिशेबात धरावं लागतं. तरी एक निकाल पक्का आहे. तुमच्या जिन्याखाली तीनरंगी भाटी व्याली आणि त्यात एखादी पूर्ण केशरी मादी निघाली, तर तळमजल्यावरच्या काळ्या बोक्यावर आळ घेऊ नका. तिचा बाप केशरीच आहे.