सामायिक कोडलायब्ररी व एकभांडार

सामायिक कोडलायब्ररी व एकभांडार : एकापेक्षा अधिक संगणकीय आज्ञावलींना लागणारा कोड प्रत्येकीत निरनिराळा न लिहिता एकदाच लिहून, तपासून व नाव देऊन ठेवला, म्हणजे त्यास सामायिक लायब्ररी म्हणतात. एखाद्या संस्थेच्या सर्व आज्ञावली व लायब्रऱ्या त्यांच्यातील बदलांच्या इतिहासासह एकाच भांडारात ठेवण्याच्या पद्धतीस एकभांडार किंवा व्यवसायात रूढ असलेल्या शब्दानुसार मोनोरेपो हे नाव आहे. प्रत्येक आज्ञावलीस व लायब्ररीस स्वतंत्र भांडार असल्यास ती बहुभांडार पद्धती होय. एकभांडार म्हणजे एकच अवाढव्य आज्ञावली नव्हे. त्यातील घटक निरनिराळे बांधता व वापरात आणता येतात, मात्र त्यांचा इतिहास एक असतो.

इतिहास : केंब्रिज विद्यापीठात १९४९ मध्ये कार्यान्वित झालेल्या एडसॅक या संगणकासाठी वारंवार लागणाऱ्या उप-आज्ञावली छिद्रित कागदी फितींवर जपून ठेवीत असत. मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर व स्टॅन्ली गिल यांनी १९५१ मध्ये या पद्धतीचे विवेचन ग्रंथरूपाने केले. बेल प्रयोगशाळेत १९७२ मध्ये बदलांचा इतिहास राखणारी एससीसीएस व १९७६ मध्ये बांधणीचा क्रम ठरविणारी मेक ही साधने तयार झाली. लिनस टोरव्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये निर्माण केलेले गिट आज सर्वत्र वापरात आहे. एकभांडाराचे सर्वपरिचित उदाहरण गूगल या कंपनीचे होय. जानेवारी २०१५ मध्ये तिच्या भांडारात सु. ९० लाख स्रोत-फायली व २ अब्ज ओळींचा कोड होता.

गरज : सामायिक लायब्ररीची निकड एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्यात काजूचे उत्पादन होते. तेथे काजू खरेदी करणाऱ्या एखाद्या संघाकडे सभासद-नोंद, वजन-नोंद व रक्कम-वाटप अशा तीन आज्ञावली आहेत, असे समजू. तालुक्याचे नाव ‘चंदगड’ असे लिहिल्यास युनिकोड संकेतानुसार त्यात पाच संकेतचिन्हे येतात. ‘चन्दगड’ असे लिहिल्यास सहा येतात. वाचकास ही दोन्ही रूपे एकाच गावाची वाटतात, संगणकास मात्र ती भिन्न असतात. युनिकोडच्या प्रमाणीकरणानेही ती एक होत नाहीत. ‘कऱ्हाड’ या नावातील अर्धा ऱ तर दोन निरनिराळ्या संकेतक्रमांनी लिहिता येतो व दोन्ही क्रम पडद्यावर सारखेच दिसतात. तिन्ही आज्ञावलींनी नावांच्या तुलनेचे आपापले नियम केले, तर वजनाची नोंद असूनही सभासद सापडत नाही आणि उत्पादकाची रक्कम अडकते. यात कोणत्याही एका आज्ञावलीत दोष आढळत नाही. दोष त्यांच्या नियमांत मेळ नसण्यात असतो. म्हणून तुलनेचा नियम एका लायब्ररीत असणे इष्ट ठरते.

रचना : एकभांडारात सामान्यतः दोन मुख्य कप्पे करतात : एकात उपयोजने, म्हणजे प्रत्यक्ष वापरात येणाऱ्या आज्ञावली व दुसऱ्यात लायब्रऱ्या. प्रत्येक लायब्ररीस स्वतःचे नाव, अवलंबित्वे सांगणारी घोषणा-फाइल, चाचण्या व जबाबदार व्यक्ती किंवा गट असावा लागतो. तिचे बाहेरून वापरावयाचे भाग एकाच प्रवेशद्वारातून उघड करतात; आतील रचना इतरांनी थेट वापरू नये, असा दंडक असतो. उपयोजनाने लायब्ररीवर अवलंबून राहावे, लायब्ररीने उपयोजनावर नव्हे. दोन लायब्रऱ्या परस्परांवर अवलंबून राहिल्यास चक्र निर्माण होते व कोणती आधी बांधावी, हे ठरविता येत नाही. अशा वेळी दोहोंस लागणारा भाग तिसऱ्या लायब्ररीत काढतात.

चाचण्यांत अपवादांना विशेष महत्त्व असते. वरील उदाहरणात त, थ, द, ध यांपूर्वीच्या अर्ध्या न-चा तुलनेपुरता अनुस्वार करता येईल; परंतु ‘अन्न’ व ‘जन्म’ या शब्दांना तो नियम लागू होता कामा नये. शिवाय मूळ नोंद बदलावयाची नसते. तिच्यावरून तुलनेसाठी वेगळे रूप तयार करावयाचे असते. हे सर्व चाचण्यांत नोंदविले, म्हणजे पुढे येणाऱ्या व्यक्तीस नियमाचे मर्म कोडमधूनच कळते.

बांधणी : बांधणीचे साधन घोषणा-फायली वाचून अवलंबित्वांचा आलेख तयार करते व आधारभूत लायब्रऱ्या प्रथम बांधते. प्रत्येक घटकाच्या स्रोतावरून व अवलंबित्वांवरून एक संक्षिप्त अंक काढतात. तो पूर्वीइतकाच असल्यास साठविलेले फलित पुन्हा वापरतात. बदलला असल्यास तो घटक व त्यावर अवलंबून असलेले घटक तेवढे पुन्हा बांधून तपासतात. गूगलने २०१५ मध्ये खुले केलेले बेझेल हे साधन या तत्त्वावर चालते. जावास्क्रिप्ट भाषेत यार्न, एनपीएम व पीएनपीएम यांची वर्कस्पेस ही सोय भांडारातील लायब्ररी उपयोजनास थेट जोडून देते. त्यामुळे प्रत्येक बदलानंतर लायब्ररी प्रसिद्ध करून पुन्हा मागवावी लागत नाही.

बाहेरून घेतलेल्या लायब्रऱ्यांची आवृत्ती निश्चित करून त्यांची प्रत राखणे हिताचे असते. मार्च २०१६ मध्ये एनपीएमच्या सार्वजनिक संग्रहातून लेफ्ट-पॅड ही केवळ ११ ओळींची लायब्ररी तिच्या लेखकाने काढून घेतली, तेव्हा तिच्यावर विसंबलेल्या असंख्य आज्ञावलींची बांधणी जगभर बंद पडली.

भारतीय भाषांतील उदाहरण : रेड हॅट या कंपनीने प्रसृत केलेला व पुण्यातील अभियंत्यांच्या सहभागाने विकसित झालेला ‘लोहित’ हा मुक्त टंकसमूह या विचारसरणीस जवळचा आहे. त्यात पूर्वी हिंदी, मराठी, कोंकणी, नेपाळी इ. भाषांसाठी वेगळे टंक होते. लिपी एकच असल्याने बहुतेक अक्षराकार व जोडाक्षरांचे नियम समान होते. पुढे त्यांच्या जागी ‘लोहित देवनागरी’ हा एकच टंक आला. समान भाग एकत्र आणताना मराठीतील ‘ल’ व ‘श’ यांसारख्या अक्षरांची वेगळी वळणे पुसून चालत नाहीत. सामायिक ते एकत्र व विशिष्ट ते स्वतंत्र, हे पथ्य कोडलायब्ररीसही लागू पडते.

गुणदोष : एकभांडारात लायब्ररी व तिचे सर्व उपयोगकर्ते एकाच बदलात सुधारता येतात, बदलामुळे कोण बिघडले, हे तत्काळ कळते आणि जुन्या आवृत्त्या रेंगाळत नाहीत. मोठा बदल असल्यास नवी सोय जुनीच्या शेजारी आणून, उपयोगकर्त्यांस क्रमाने तीवर नेऊन, मग जुनी काढतात. दुसऱ्या बाजूस भांडार वाढले की सामान्य साधने अपुरी पडतात. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये विंडोजचे सु. ३५ लाख फायलींचे भांडार गिटमध्ये आणले, तेव्हा त्यासाठी फायलींची खास आभासी व्यवस्था तिला निर्माण करावी लागली. गोपनीय कोड ठराविक व्यक्तींपुरता ठेवणे येथे अवघड जाते. ‘किरकोळ उपयोगी’ अशा नावाखाली असंबद्ध कोडची अडगळ साचणे, हा नेहमी आढळणारा दोष होय. अशा लायब्ररीतील लहानशा बदलानेही सर्व आज्ञावली पुन्हा बांधाव्या लागतात. दोन ठिकाणचा कोड आज सारखा दिसतो, एवढ्यावरून तो सामायिक करू नये. दोहोंना एकाच कारणाने बदलावे लागेल, अशी खात्री असेल तरच करावा. एका ठिकाणी केलेली सुधारणा जशी सर्वांपर्यंत पोहोचते, तशी चूकही पोहोचते. म्हणून सामायिक लायब्ररीच्या चाचण्या व देखभाल यांवरील खर्च अटळ समजला जातो.