खत आणि खतावणी

‘गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र आहे’ हे वाक्य आपण सर्वांनीच शाळेत पाठ केले आहे आणि पेपरात लिहून त्याचा एक गुणही मिळविला आहे. त्यापलीकडे या प्राण्याशी माझा काही संबंध नव्हता. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. माझा संबंध जमा आणि नावे यांच्याशी. परंतु गेल्या दीड वर्षात गांडुळांनी मला जो हिशेब शिकविला तो क्रमिक पुस्तकात नाही. तो आपणापुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमचे मूळ घर मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूरचे. आईचे माहेर सोलापूरचे, कानडी बोलणारे. अज्जीकडे राहून मी मराठी शाळेत शिकले आणि सुट्टी लागली की बऱ्हाणपूर गाठीत आले. तापीकाठचे हे गाव दोन गोष्टींवर जगते: यंत्रमाग आणि केळी. माझे आजोबा, म्हणजे आमचे आबा, केळीच्या एका आडतीवर चाळीस वर्षे मुनीम होते. निवृत्तीनंतर त्यांनी गच्चीवर कुंड्यांची बाग केली. गेल्या वर्षी पावलाखाली ओली फरशी आली, आबा पडले आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया नीट झाली, पण जिना चढणे कायमचे बंद झाले. “झाडं वाळली तर वाळू द्या,” असे ते तोंडाने म्हणाले. पण त्या दिवसापासून त्यांचे जेवण निम्म्यावर आले. तेव्हा काकूने आणि मी तुळस, कढीपत्ता, मिरची, पुदिना, जास्वंद अशा बावीस कुंड्या खाली आणल्या आणि आबांच्या खाटेसमोर, पूर्वेच्या खिडकीशी मांडल्या.

दोन आठवड्यांतच जास्वंदीवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसू लागले. हा पिठ्या ढेकूण. मी दुकानातून एक औषध आणले आणि सगळ्या कुंड्यांवर भरपूर फवारले. खिडकी उघडी ठेवावी हेही मला सुचले नाही. त्या रात्री आबा पहाटेपर्यंत खोकत होते. सकाळी डॉक्टर म्हणाले, “एक तर फवारणी बंद करा, नाही तर यांना दुसऱ्या खोलीत हलवा.” आबांना झाडांपासून दूर न्यायचे, तर मग झाडे खाली कोणासाठी आणली? शेतात मारलेले औषध वाऱ्यावर जाते. घरात मात्र झाडाची हवा आणि माणसाची हवा एकच असते. घरातल्या बागेचा हा पहिला नियम मी असा शिकले.

दुसरी चूक त्याच महिन्यात झाली. विकतचे खत नको म्हणून मी एका शेतकऱ्याकडून अर्धा किलो तांबडी गांडुळे आणली. लाकडी खोक्यात ताजे शेण, दोन किलो केळीच्या साली आणि जास्वंदीची छाटलेली पाने घालून ती त्यात सोडली आणि खोके गॅलरीत ठेवले. महिना मे होता. तिसऱ्या दिवशी खोक्याला घाण सुटली. वरचा थर उकरून पाहिला तर एकही गांडूळ जिवंत नव्हते. आबांनी खाटेवरूनच विचारले, “काय गं, भांडवल बुडालं?” मी काही बोलले नाही.

ते का बुडाले हे नंतर वाचून समजले. त्यासाठी गांडुळाचा देहधर्म जाणून घेतला पाहिजे. गांडुळाला फुप्फुसे नसतात. ते ओलसर त्वचेतून श्वास घेते. कातडी वाळली तर ते गुदमरते आणि पाणी साचून हवा कोंडली तरीही गुदमरते. त्याला दात नसतात. गिळलेली बारीक वाळू त्याच्या पोटातील जाड पिशवीत जात्यासारखे काम करते. ताजी भाजी ते खात नाही. भाजी कुजू लागली की तिच्यावर वाढणारे सूक्ष्म जीव, बुरशी आणि मऊ झालेला भाग हे त्याचे खरे अन्न. खोक्यात वापरतात ते तांबडे गांडूळ ‘आयसेनिया फेटिडा’ या जातीचे. १५ ते २५ अंश तापमानात ते सुखी असते. पस्तिशीच्या पुढे त्याचा टिकाव लागत नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा बेचाळिसाच्या वर जातो! त्यात ताजे शेण आणि सालींचा ढीग कुजताना स्वतःही तापतो. बाहेरून ऊन, आतून आग, आणि वर विष मारलेली पाने. माझ्या गांडुळांपुढे वाट तरी कोणती होती?

या विषयाचा एक मोठा अध्याय आमच्या शेजारीच लिहिला गेला आहे, हेही तेव्हाच कळले. बऱ्हाणपूरहून रस्त्याने सुमारे १८० किलोमीटरवर इंदूर आहे. तेथील वनस्पती उद्योग संस्थेत १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर देऊन सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची रीत बसविली. ‘इंदूर पद्धत’ म्हणून ती जगभर गेली. १९३१ साली तिच्यावर जे पुस्तक निघाले त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीला यशवंत वाड यांचे नाव आहे. हॉवर्ड किडींना आणि रोगांना शेतीचे प्राध्यापक म्हणत. पिकाचे काय चुकते आहे ते कीड दाखवून देते, असा त्यांचा अर्थ. (आपल्या प्राध्यापकवर्गाने राग मानू नये!) इंदूर पद्धतीचा ढीग मुद्दाम तापू द्यायचा असतो, गांडुळाचे खोके मात्र थंड राहिले पाहिजे. मी ढिगाची रीत खोक्याला लावली होती.

दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा आरंभ केला. या वेळी आबांनी अट घातली: “हिशेब ठेवशील तरच.” लाल कापडी बांधणीची एक कोरी वही त्यांनी उशाखालून काढून दिली.

आमची रीत अशी. दीड फूट लांबीचे, झाकणाचे प्लास्टिकचे खोके घेतले. तळाला निथळण्यासाठी आणि बाजूंना हवेसाठी भोके पाडली आणि खाली ताट ठेवले. तळात नारळाच्या शेंड्या, त्यावर वर्तमानपत्राच्या ओल्या पट्ट्यांचा वीतभर थर आणि मूठभर बागेतली माती. रंगीत गुळगुळीत कागद वापरला नाही. (भारतातील पहिला वृत्तपत्री कागदाचा कारखाना आमच्याच जिल्ह्यात, नेपानगरला आहे, तेव्हा हा थर घालताना काकूला उगाच अभिमान वाटतो.) ओलावा किती असावा? मुठीत दाबले तर एखादा थेंब पडावा, धार लागू नये. पंधरा दिवस पडून जुने झालेले शेण थोडेसे घातले आणि मग अर्धा किलो गांडुळे सोडली. चांगल्या स्थितीत गांडुळे रोज स्वतःच्या वजनाच्या साधारण निम्मे अन्न खातात, म्हणजे अर्ध्या किलोला पाव किलो. पण नव्या घरात ती रुळेपर्यंत आम्ही रोज शंभर ग्रॅमच दिले. भाज्यांची देठे, चहाचा धुतलेला चोथा, अंड्याच्या कवचाची पूड चालते. तेल, मीठ, लोणचे, दूध, मांस यांपैकी काही नाही. लिंबाची साल आणि कांदा अगदी थोडा.

किडी याही वेळी आल्या, पण आता मी त्यांच्याकडे हॉवर्ड यांच्या चष्म्यातून पाहू लागले. प्रथम खोक्यातून चिलटे उठली. चिलटांची अंडी केळीच्या सालीवरच घरात येतात, आणि आमच्या गावात केळीची साल नाही असे घर सापडणार नाही. उपाय: साल धुऊन, बारीक चिरून, पट्ट्यांच्या खाली पुरायची, वर ओल्या कागदाची घडी घालायची आणि आठ दिवस खाऊ निम्मा करायचा. चिलटे गेली. मग मुंग्या आल्या. मुंग्या येतात याचा अर्थ खोके कोरडे पडले. पाणी शिंपडले आणि दुधाच्या कपाटाला करतात तसे खोक्याच्या खाली चार विटा ठेवून त्या पाण्याच्या ताटल्यांत उभ्या केल्या.

कुंड्यांभोवती बारीक काळ्या माश्या घोटाळू लागल्या. त्यांच्या अळ्या ओल्या मातीच्या वरच्या थरात राहतात आणि कोवळी मुळे खातात. खरा दोष आमचा, रोज पाणी घालण्याचा. बोटाच्या एका पेराइतकी माती सुकल्यावरच पाणी, हा नियम केला आणि पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल चोपडून तो कुंड्यांत रोवला. माश्या त्यावर चिकटतात. मिरचीवर मावा आला, कारण उत्साहाच्या भरात मी तिला खत फार घातले होते. अति खताने शेंडे कोवळे आणि रसाळ होतात, आणि मावा त्यालाच भुलतो. गांडूळखत झाले तरी कुंडीतील मातीच्या पाचव्या हिश्शाहून अधिक नको. उन्हाळ्यात कढीपत्त्याच्या पानांमागे लाल कोळी आला. त्याला कोरडी, तापलेली हवा आवडते. पानांच्या मागच्या बाजू दर दोन दिवसांनी साध्या पाण्याने धुतल्या.

पिठ्या ढेकणाला मात्र चिकाटी लागते. कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून एकेक पुंजका पुसायचा. हे काम आबांनी घेतले, कारण ते बसून करता येते. त्याच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याला राखतात आणि पसरवितात, म्हणून आधी मुंग्यांची वाट बंद करायची. एवढ्याने न भागल्यास लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवून, गाळून, चमचाभर साबणाचे पाणी मिसळून फवारायचे. तेही कुंडी गॅलरीत नेऊन, संध्याकाळी. अशी फवारलेली पाने खोक्यात टाकायची नाहीत, हे सांगायला नकोच.

आता हिशेब. वहीच्या डाव्या पानावर आम्ही दिलेले लिहिले: खाऊ, पाणी, कागद. उजव्या पानावर मिळालेले. अडीच महिन्यांनी पहिले तीन किलो खत निघाले. पैशांत पाहिले तर तो धंदा नव्हे. खोके आणि गांडुळे यांचा खर्च अजून पुरता फिटलेला नाही. परंतु वही वाचताना एक गोष्ट ध्यानात आली. ज्या ज्या आठवड्यात कीड आली त्याच्या आधीच्या आठवड्यात डाव्या पानावर काही तरी जास्त झालेले होते: पाणी तरी, खाऊ तरी, खत तरी. किंवा काही तरी द्यायचे राहिले होते. खोके आणि कुंडी ही दोन खाती नाहीतच. ते एकच खाते आहे. वर विष नावे टाकले की खाली मरण जमा होते.

यंदाच्या मे महिन्यात खोके मोरीलगतच्या गार फरशीवर ठेवले. वर ओले गोणपाट घातले आणि खाऊ निम्म्यावर आणला. बरीच गांडुळे जगली. त्यांची लिंबाच्या आकाराची, मोहरीहून थोडी मोठी अंडकोशेही दिसली. सोलापूरला परतल्यावर मी अज्जीला हे सांगितले, तेव्हा ती हसून म्हणाली, “एरेहुळू? आमच्या शेतात पावसाळ्यात पायाखाली यायचे, कोणी हिशेब ठेवला नाही.” तिचे खरे आहे. जेथे जमीन मोकळी आहे तेथे हा हिशेब निसर्गच ठेवतो. चार भिंतींत तो आपल्याला ठेवावा लागतो.

आबा अजून जिना चढत नाहीत, पुढेही चढणार नाहीत. पण सकाळी वॉकर धरून ते खाटेवरून उठतात, खोक्यावरचा ओला कागद उचलून पाहतात आणि चष्मा लावून वहीत नोंद करतात. काकू सांगत होती, ज्या दिवसापासून वही सुरू झाली त्या दिवसापासून ताटात काही उरत नाही. ही रक्कम कोणत्या खात्यावर जमा करावी, एवढे मात्र मला अजून ठरविता आलेले नाही.